ससून डॉकवरची कला: रंग चोख, तरतूद अपुरी

कुलाब्याच्या ससून डॉकवर मोठी कलाप्रदर्शने दोनदा भरली. पहिले, 'ससून डॉक आर्ट प्रोजेक्ट', ११ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१७ या काळात. दुसरे, 'मुंबई अर्बन आर्ट फेस्टिव्हल', डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. दोन्ही स्टार्ट इंडिया फाउंडेशन या सार्वजनिक कलेसाठी काम करणाऱ्या संस्थेची, दोन्हींना एशियन पेंट्सचे पाठबळ आणि जागा मुंबई बंदराची. चालू मासळी बंदरावर सार्वजनिक कलेसाठी पैसा कसा उभा राहतो हे बघायचे असेल, तर आपल्याकडे याहून ठळक उदाहरण नाही. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचा पुनर्विकास गाजत असताना ते तपासून घेणे बरे. म्हणून हे परीक्षण चित्रांचे कमी आणि पैशाच्या व्यवस्थेचे जास्त. गुण आधीच देऊन टाकतो: प्रदर्शन म्हणून पाचपैकी साडेचार, निधीचा नमुना म्हणून पाचपैकी अडीच.

साडेचार का, ते आधी. ससून डॉक १८७५चा, पश्चिम भारतातला पहिला वेट डॉक, म्हणजे पाणी धरून ठेवणारी गोदी. तिथे पहाटे मासळी उतरते, लिलाव होतो, बर्फ फोडला जातो, बायका कोलंबी सोलत बसतात. अशा जागी कला आणायची तर ती वासाला, ओलीला आणि गर्दीला लाजून चालत नाही. २०१७च्या प्रदर्शनाने हे ओळखले होते. 'इनसाइड आउट' या जागतिक प्रकल्पाच्या धर्तीवर डॉकवरच्याच माणसांचे मोठाले फोटो बाहेरच्या भिंतींवर चिकटवले होते. सिंगापूरच्या तान झी शी यांच्या 'प्लॅस्टिक ओशन'मध्ये कचऱ्यातले प्लॅस्टिक छताला टांगले होते आणि बघणारा त्याच्या तळाशी उभा राहत होता. समीर कुलावूर यांच्या 'परफ्यूम ससून'ने तर डॉकच्या वासालाच अत्तराच्या दुकानाची ऐट दिली. प्रवेश फुकट. दक्षिण मुंबईत राहूनही ज्यांनी डॉकचे फाटक कधी ओलांडले नव्हते, ते रांगा लावून आत आले. एवढे कुठल्याही कलादालनाला साधलेले नाही.

आता पैशाकडे. एका प्रायोजकाच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाचा मोठा फायदा वेग. समिती नको, निविदा नको. बंदराची परवानगी, एक सामंजस्य करार, आणि रंग थेट कारखान्यातून. पण हा पैसा उद्घाटनापासून समारोपापर्यंतचाच असतो. पडदा पडला की भिंत बंदराची, आणि बंदराच्या अंदाजपत्रकात गाळ काढण्याला हेड (खर्चाचे मंजूर शीर्ष) आहे, क्रेनला आहे, रस्त्याला आहे; चित्राला नाही. सरकारी कार्यालयात हेड नसेल तर पाच हजारांचा डागडुजीचा कागदही पुढे सरकत नाही. चित्राचा पोपडा निघाला तर तो कोणी चिकटवायचा याचे उत्तर करारात नसेल, तर ते पुढे कुठेच सापडत नाही.

प्रायोजकाचा पैसा दोन खिशांतून येऊ शकतो आणि दोन्हींचे नियम निरनिराळे आहेत. जाहिरातीच्या खात्यातून आला तर कंपनीला लोगो हवा तेवढा मोठा लावता येतो, पण मोहीम संपली की पैसाही संपतो. दुसरा खिसा सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचा. कंपनी कायदा २०१३चे कलम १३५ असे: ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीही एक असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि वारसा स्पष्टपणे आहेत. मात्र आपल्या मालाच्या विक्रीला फायदा व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व नियमांनी सीएसआरमधून वगळले आहे. त्यामुळे रंगाची, सिमेंटची किंवा टाइल्सची कंपनी स्वतःचाच माल भिंतीवर लावून नाव झळकवणार असेल, तर खर्च कोणत्या खात्यात दाखवायचा हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे. लेखापरीक्षक नंतर विचारतो, आणि तेव्हा फाटकावरच्या कमानीचा फोटो लपवता येत नाही.

सीएसआरचा खरा उपयोग वेगळाच आहे आणि तो क्वचित केला जातो. 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी घेतली तर सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षे पैसा वापरता येतो. वर्षअखेर उरलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायची एवढीच अट. म्हणजे तीन पावसाळ्यांची देखभाल पहिल्याच ठरावात बसवता येते. 'चालू' हा शब्द ठरावात नसेल तर न खर्चलेले पैसे सहा महिन्यांत परिशिष्टातल्या सरकारी निधीकडे जातात आणि भिंत तशीच राहते. राबवणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी (अशी कामे घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) लागते. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. आणि या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही; ती सार्वजनिक प्राधिकरणाकडे किंवा नोंदणीकृत विश्वस्त संस्थेसारख्या पात्र संस्थेकडे जाते. बंदराला ती लेखी स्वीकारायला लावणे हे अर्धे काम आहे, कारण लेखी स्वीकारली की हेड काढावेच लागते.

डागडुजीवर एवढा भर का, ते भिंत बघितली की कळते. समुद्राकाठच्या जुन्या भिंतींना लोणा असतो. विटेतले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. बाहेरून कितीही भारी रंग लावा, पोपडा आतूनच सुटतो. इथे नेहमीची चूक म्हणजे लोणा लागलेली भिंत पाण्याच्या फवाऱ्याने धुणे. क्षार विरघळून परत आत जातात आणि दोन महिन्यांत पुन्हा बाहेर येतात. कोरड्या ब्रशने खरवडून झटकायचे, आठवडाभराने बघायचे, पुन्हा झटकायचे. छपराची गळती आणि फुटके पन्हळ आधी दुरुस्त करायचे. चित्राच्या पैशातून पन्हळ बदलणे प्रायोजकाला पटत नाही, पण चित्र त्यावरच टिकते. जुना गिलावा चुन्याचा असेल तर त्याला सिमेंटचे ठिगळ लावू नये. ओल ठिगळामागे अडते आणि त्याच्या कडेने फुटते. नव्या सिमेंट गिलाव्याला २८ दिवस द्यायचे, मग अल्कली सहन करणारा प्रायमर, मग बाहेरच्या वापराचा अॅक्रिलिक. पुट्टी बाहेर नकोच.

मापे घ्यायची तर ४० फूट उंच, ६० फूट रुंद भिंत म्हणजे २४०० चौरस फूट. गुळगुळीत गिलाव्यावर रंगाच्या दोन हातांना लिटरमागे ५० ते ६० चौरस फूट धरले तर ४० ते ४८ लिटर, खरबरीत भिंतीला ६० पर्यंत. एकूण खर्चात हा आकडा छोटा आहे, आणि म्हणूनच 'रंग आमच्याकडून' हे दान दिसते तेवढे मोठे नसते. आमच्या हिशेबाने शंभर रुपयांतले २५ कलाकार आणि सहाय्यकांचे, २० भिंतीच्या दुरुस्तीचे, २० परांची, बूम लिफ्ट आणि सुरक्षेचे, १० रंगाचे, ५ परवाने, विमा आणि विजेचे, ५ स्थानिकांच्या मानधनाचे आणि १५ राखीव देखभालीचे. शेवटचे वीस नेहमी आधी कापले जातात.

स्थानिकांचे मानधन हा शिष्टाचाराचा भाग समजू नये. कोलंबी सोलणाऱ्या बाईची मजुरी सोललेल्या मालावर ठरते. फोटोसाठी किंवा रेखाटनासाठी तिचा तास घेतला तर तेवढी मजुरी बुडते. चेहरा भिंतीवर जाणार असेल तर लेखी संमती तिला कळेल त्या भाषेत हवी आणि चित्र किती वर्षे राहणार, जाहिरातीत वापरणार की नाही, हे तिला आधी सांगायला हवे. गोदामांच्या ताब्यावरून आणि थकीत भाड्यावरून बंदर आणि मासळी व्यावसायिक यांच्यात वाद असतात. रिकामे गोदाम कलेला मिळाले की 'हे आमच्या हातून गेले' अशी कुजबुज होणारच. मच्छीमार सोसायटीचा माणूस निवड समितीत मतासह हवा, केवळ नारळ फोडायला नको.

आता दुसरा नमुना: बांधकामाच्या खर्चातून ठरावीक टक्का. अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये सुरुवात केली, सिएटलने १९७३ मध्ये शहराच्या भांडवली कामांच्या १ टक्क्याचा कायदा केला. सिएटलचा किनारा आपल्याशी ताडून बघण्याजोगा आहे, कारण तिथेही जुनी धक्क्याची भिंत, माल, बोटी आणि वर बसवलेला उंच रस्ता होता. २०१९ मध्ये तो रस्ता पाडला आणि त्याआधी समुद्रभिंत नवी केली. त्या भिंतीच्या काँक्रीटमध्येच हदाद-द्रुगन या कलाकार जोडीचे 'सीवॉल स्ट्राटा' ओतले आहे. साच्यातच उठाव घेतल्याने वेगळी भिंत नको, वेगळा रंग नको, पोपड्याचा प्रश्न नाही. कलाकार आराखड्याच्या टप्प्यावर अभियंत्यांबरोबर बसला तरच हे होते. काम संपल्यावर बोलावला तर त्याच्या हाती मोकळी भिंत आणि उरलेले पैसे येतात.

या पद्धतीलाही खोट आहे. भांडवली पैसा देखभालीला वळवता येत नाही, म्हणून राखीव निधी वेगळाच लागतो. शिवाय पैसा ज्यांच्याकडून आला त्यांच्या कामाशी कलेचा संबंध लागतो. सिएटलच्या वीजग्राहकांनी त्यांच्या बिलातून कलेवर होणाऱ्या खर्चाला कोर्टात आव्हान दिले आणि विजेच्या कामाशी जवळचे नाते असलेलीच कला त्या पैशातून चालेल, अशी भूमिका पुढे आली. आपल्याकडे मासेमारी बोटींकडून घेतलेल्या शुल्कातून कोणी क्रूझ धक्क्यावर शिल्प उभारायला निघाले, तर हाच मुद्दा मच्छीमारांनी मांडावा. लिलावाच्या छपराला, बर्फाच्या चढावाला, जाळी विणायच्या ओट्याला तो टक्का लागला तर कोणाची तक्रार राहणार नाही. मासळी हाताळायच्या शेडच्या आत मात्र रंगवलेली भिंत नको, तिथे टाइलच. सुटलेला पोपडा मालात पडला तर निर्यातीचा माल नाकारला जाऊ शकतो.

१०० कोटींच्या कामात १ टक्का म्हणजे १ कोटी. तो निविदेत कुठे लिहायचा यावर सगळे अवलंबून आहे. ठेकेदाराच्या बीओक्यूमध्ये (कामांच्या परिमाण-दर यादीत) 'शोभेचे काम, चौरस मीटर दराने' असे लिहिले की सर्वांत स्वस्त रंगाऱ्याला ते मिळते. प्रोव्हिजनल सम, म्हणजे तात्पुरती राखून ठेवलेली तरतूद, म्हणून रक्कम वेगळी ठेवावी आणि निवड गुणवत्ता व किंमत दोन्ही बघून व्हावी. सल्लासेवांसाठी सरकारच्या वित्तीय नियमांत (२०१७, नियम १९२) ही पद्धत आहेच. किमतीचे वजन ३० टक्क्यांवर जाऊ देऊ नये. लोखंडी कामाला खाऱ्या हवेत किमान गरम जस्ताचा लेप, जोडणीला ३१६ ग्रेडचे स्टेनलेस. दोन निराळे धातू थेट टेकवले तर त्यांतला लवकर गंजणारा पहिल्या दोन पावसाळ्यांतच झिजू लागतो.

करारात काढून टाकण्याचे कलम हवे. दिल्लीच्या विज्ञान भवनातले अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकले गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कलाकृतीची मोडतोड झाली तर कलाकाराला दाद मागू देणारे कॉपीराइट कायद्याचे हे कलम ५७ बंदरालाही लागू आहे. पुनर्विकासात भिंतच पडणार असेल तर ९० दिवसांची नोटीस, कलाकाराला काम उचलून नेण्याची संधी आणि नोंदीचे छायाचित्रण, एवढे तीन ओळींत लिहिता येते.

राहिला वेळेचा मेळ. कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून भिंती फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने रंगवायचा मोह होतो. पण तेव्हा मासेमारी जोरात असते, लिलावाच्या ट्रकमधून परांचीला जागा काढावी लागते आणि दुरुस्तीला वेळच उरत नाही. मंजुरी एप्रिल-मेमध्ये घ्यावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला असतात, तांडेल-खलाशांना बसायला वेळ असतो. विषय, चेहरे, संमती हे तेव्हाच उरकावे. पन्हळ आणि छपराची गळती भर पावसातच शोधावी, कारण ती तेव्हाच दिसते. ऑक्टोबरमध्ये लोणा खरवडणे आणि गिलावा, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रंग, रोज लिलाव उरकल्यावर सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळेत. कलाकाराचा आणि ठेकेदाराचा शेवटचा १० टक्के हप्ता पुढच्या ऑक्टोबरपर्यंत रोखून ठेवावा, एक पावसाळा खाल्लेल्या भिंतीची पाहणी झाल्यावरच सोडावा.