रंग मारून विकलेली ‘दोन टनी’ चेन कुप्पी

जुन्या जीपचं डिझेल इंजिन घरच्या शेडमध्ये उतरवायचं म्हणून ‘२ टन’ लिहिलेली चेन कुप्पी (साखळी ओढून वजन उचलायचा पुली ब्लॉक) घेतली. ७,४०० रुपये, वर टेम्पोचे ३५०. इंजिन गिअरबॉक्ससकट फार तर तीनशे किलो. वीतभर उचललं आणि साखळी आपोआप सुटत इंजिन जीपच्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे चासीच्या आडव्या तुळईवर, आदळलं. ऑइल संप (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) फुटला, ४,२०० रुपये गेले. धाकट्या भावाचा हात क्षणभर आधी त्याच इंजिनाखाली होता. आठवलं की अजून रक्त उकळतं.

कुप्पी खोलून बघितली, तर ब्रेकच्या चकत्या झिजून गुळगुळीत. स्टिकर खरवडलं, खाली ओतीव अक्षरांत ०.५ टन!

साखळी पहिल्यांदा धरली तेव्हाच बोटांना पिवळा रंग लागला होता. तिथेच कळायला हवं होतं. भार उचलणाऱ्या साखळीला रंग फासतात तो तडे आणि ताणलेल्या कड्या झाकायला. मी दुकानदाराला विचारलंही. “गंज धरू नये म्हणून कंपनीच मारते, साहेब.” बॉडीवर आयएसआय चिन्ह होतं, म्हणून पैसे दिले. चिन्हावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? पण चिन्हाच्या वर आयएस क्रमांक (भारतीय मानकाचा क्रमांक) नव्हता, खाली सीएम/एल लायसन्स नंबर नव्हता. चेन कुप्पीसाठी आयएस ३८३२. लायसन्स नंबर दुकानात उभं राहूनच बीआयएस केअर (भारतीय मानक ब्युरोचं) अ‍ॅपवर टाका. हुकाला जीभ (भार निसटू नये म्हणून असलेली पट्टी) नसेल तर घेऊच नका.

चौकीत गेलो, तर “हा दिवाणी मामला आहे.” मग एका सरकारी कार्यालयात. तिथे म्हणे पक्कं बिल आणा. दुकानदार पक्कं बिल देत नाही हीच तर तक्रार! यूपीआयची नोंद दाखवली, त्याकडे साहेबांनी मान वर करून पाहिलंही नाही. पोर्टलवरची तक्रार एक फोनही न करता ‘निकाली’ काढली. कुणाचा हात चिरडल्यावरच हे लोक खुर्चीतून उठणार का?

इंजिन क्रेन घेणाऱ्यांनीही सावध राहा. ‘२ टन’ हा आकडा क्रेनचा पुढे सरकणारा दांडा आत असतानाचा असतो. पूर्ण बाहेर काढला की बऱ्याच क्रेन अर्ध्या टनावर येतात. इंजिन आधी चार बोटं उंच उचला, घसरतंय का बघायला तसंच टांगून ठेवा, खाली लाकडी ठोकळे रचा. आणि टांगलेल्या इंजिनाखाली हात घालू नका, कुप्पी कितीही नवी असो.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तिथे अर्ज करतोय. दुकानदार आता “कुप्पी आणून द्या, बदलून देतो” म्हणतोय. देणार नाही. तोच माझा पुरावा आहे.