पायटेस्टचं पॅरामेट्राइझ, बरेच महिने वापरल्यावर: काम झकास, पण नावं!

पायटेस्ट म्हणजे पायथन कोड तपासायचं टूल, आणि त्यातलं पॅरामेट्राइझ एकच टेस्ट वेगवेगळ्या व्हॅल्यू घेऊन पुन्हा पुन्हा चालवतं. काल सीआय (कोड आपोआप तपासणारी सिस्टिम) लाल झालं आणि लॉगमध्ये फेल टेस्टच्या कंसात काय, तर रक्कम७. ही रक्कम७ कुठली ते फाइल उघडून शून्यापासून मोजत बसा. पैशाला फ्लोट (अंदाजे साठवला जाणारा अपूर्णांक) नको म्हणून आम्ही डेसिमल (अचूक दशांश) वापरतो, पण पायटेस्ट साध्या इंट (पूर्णांक) किंवा स्ट्रिंगचं (मजकूर) नाव व्हॅल्यूवरून बनवतं आणि डेसिमल आला की पॅरामीटरच्या नावाला, म्हणजे इथे 'रक्कम'ला, नुसता नंबर चिकटवतं. फुकटचं टूल आहे मान्य, पण वेळ आमचा जातो ना.

बाकी पॅरामेट्राइझवर माझा खरंच जीव आहे. आमचं फंक्शन एवढंसं, रकमेला आपल्या पद्धतीने कॉमा द्यायचे, १२३४५६७ चं १२,३४,५६७. स्ट्रिंग करून उजवीकडून तीन आकडे, मग दोन-दोन. एका क्रेडिट नोटवर -५०० चं "-,५००" छापून आलं. जुन्या टेस्टमध्ये फॉर लूप होता, पहिला असर्ट (उत्तर बरोबर आहे का ही तपासणी) पडला की पुढचं काही चालतच नाही, त्यामुळे एकच केस दिसायची. पॅरामेट्राइझमध्ये प्रत्येक रक्कम वेगळी टेस्ट, आणि तिथे उलगडलं, -५०० फेल, -५००० पास, -५०००० फेल, -५००००० पास! म्हणजे रकमेत तीन, पाच असे विषम संख्येने आकडे असले की उणे चिन्ह एकटं उरतं आणि त्याच्यापुढे कॉमा येतो. नुसती -५००० टेस्ट केली असती तर सगळं हिरवंच दिसलं असतं. चिन्ह आधी बाजूला काढलं, विषय संपला.

पण हा पॅटर्न दिसला तो नावांत खऱ्या रकमा होत्या म्हणून, तेव्हा इंट होते. रक्कम०, रक्कम१ अशी यादी असती तर कोणाच्या लक्षात आलं असतं?

आता डेकोरेटरला (टेस्टच्या वर लिहायची पॅरामेट्राइझची ओळ) आयडीज, म्हणजे केसेसची नावं, म्हणून एसटीआर (व्हॅल्यूची स्ट्रिंग करणारं) फंक्शन दिलं की डेसिमलही नीट दिसतात, त्यामुळे तक्रार निम्मी मागे घेते. उरलेली निम्मी देवनागरी आकड्यांची आणि ₹ ची, नावात त्यांचे बॅकस्लॅश-यू वाले कोड होतात. ते बंद करायचा ऑप्शन आहे, पण त्याच्या लांबलचक नावातच लिहिलंय की कम्युनिटी सपोर्टचे सगळे हक्क सोडले! आपल्या लिपीत टेस्टचं नाव वाचायला एवढी अट का? म्हणून अशा केसेसना मी पायटेस्टच्या पॅरममध्ये (एकेक केस वेगळी लिहायची सोय) हाताने आयडी देते, "उणे-पाच-आकडी" वगैरे, रोमन अक्षरांत. आणि आयडीज नसलेला डेसिमलवाला पॅरामेट्राइझ रिव्ह्यूला आला तर मर्ज करत नाही.