‘प्युअर डार्क रोस्ट’ म्हणून चिकोरी गळ्यात मारतात, पुडी घेण्याआधी हे तपासा

पाव किलोची पुडी, भाव ३८० रुपये, वर शिक्का ‘प्युअर डार्क रोस्ट’, म्हणजे शुद्ध, गडद भाजलेली कॉफी. मध्य मुंबईतल्या एका दुकानातून घेतलेल्या या पुडीत भरपूर चिकोरी (एका झाडाच्या मुळांची भाजून केलेली पावडर) निघाली, आणि जी काही कॉफी होती तीही शिळी. हे उमगायला तीन आठवडे गेले. घरी कॉफी बिघडली की माणूस आधी स्वतःच्याच हाताला दोष देतो: पाणी फार उकळलं असेल, पावडर कमी पडली असेल, फिल्टर नीट धुतला नसेल. विकणाऱ्याचं तेवढ्यावर निभावतं. म्हणून कोणती चूक आपली आणि कोणती पुडीची, हे ओळखता आलं पाहिजे.

पहिली खूण फिल्टरमध्येच दिसते. स्टीलच्या दोन मजली फिल्टरमध्ये २५ ग्रॅम पावडर घालून चकती हलकेच दाबायची आणि १५० मिली गरम पाणी ओतायचं. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे खाली १०० मिलीच्या आसपास डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क मिळतो, तोही पंधरा-वीस मिनिटांत. या पुडीचं दीड तास झाला तरी निम्मंसुद्धा उतरत नव्हतं. चिकोरी भिजली की फुगते, मऊ पडते आणि चकतीची भोकं बुजवते. दळण फार बारीक असलं तरीही फिल्टर तुंबतो, हे खरं. म्हणून चोथा बोटांत चोळून बघा. कॉफीचा चोथा बारीक असला तरी कणीदार, कडक लागतो. चिकोरीचा लगदा होतो आणि बोटाला चिकटतो.

दुसरी खूण रंग आणि वासाची. चिकोरी पाण्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त उतरते, त्यामुळे डिकॉक्शन काळंभोर दिसतं, दूध कितीही घाला, रंग हटत नाही. वास मात्र पातळ. चांगल्या डार्क रोस्टचा वास डबा उघडताच घरभर होतो आणि चवीत कडू चॉकलेटसारखा सुटसुटीत कडवटपणा असतो. इथे कडवटपणाखाली चिकट गोडसरपणा होता, घोट गिळल्यावरही जिभेवर राहणारा. दाट रंग बघून ‘कॉफी स्ट्राँग आहे’ असं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं.

आता ग्लासची परीक्षा. काचेचा पारदर्शक ग्लास साध्या गार पाण्याने भरून पाणी पूर्ण स्थिर होऊ द्या. अर्धा चमचा पावडर वरून हलकेच भुरभुरा. ढवळू नका, हेच महत्त्वाचं. कॉफीच्या कणांत तेल असतं, भाजताना अडकलेला वायू असतो, त्यामुळे ती बराच वेळ वर तरंगते. या पुडीची पावडर टाकताच तिच्यातले कितीतरी कण काही सेकंदांत खाली निघाले, आणि प्रत्येक कणामागे तपकिरी रेघ पाण्यात लोंबत राहिली. दोन मिनिटांत खालचं पाणी चहासारखं झालं, वर कॉफीचा विरळ थर उरला. जुन्या किंवा फार बारीक कॉफीचेही थोडे कण बुडतात, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नये. पण डार्क रोस्ट तेलकट आणि जास्त पोकळ असते, म्हणजे तिने तर आणखी चांगलं तरंगायला हवं. डार्क म्हणून विकलेली पावडर रेघा सोडत बुडत असेल, तर शंका घ्यायला जागा आहेच. किती टक्के चिकोरी आहे हे मात्र ग्लास सांगत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

एक स्पष्ट करायला हवं: चिकोरी विष नाही. उडपी हॉटेलातली कॉफी आवडणाऱ्या कित्येकांना तीच चव हवी असते, आणि मिश्रण विकायला कायद्याची आडकाठीही नाही. नियम असा की मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी आणि कॉफी किती, चिकोरी किती हे पाकिटावर टक्क्यांत छापलेलं असावं. चिकोरी कॉफीपेक्षा फार स्वस्त असते. ती ‘प्युअर’ म्हणून कॉफीच्या भावात विकणं ही सरळ लूट आहे. माटुंग्याला कॉफी दळून देणारी दुकानं आहेत, तिथे पुडी बांधण्याआधी ‘चिकोरी किती घालू?’ असं विचारतात. हा प्रश्न न विचारता आधीच दळून ठेवलेल्या डब्यातून कुणी पावडर काढून देत असेल, तर तिथेच थांबा.

चिकोरी नसली तरी डार्क रोस्टच्या नावाखाली दुसरा घोटाळा चालतो. भाजताना साधारण १९६ अंश सेल्सियसला बी पहिल्यांदा तडतडते, २२५ च्या आसपास दुसऱ्यांदा. डार्क रोस्ट या दुसऱ्या तडतडीपर्यंत किंवा त्यापुढे नेतात. तिथे बीची मूळ चव भाजण्याच्या चवीखाली दबते, त्यामुळे चिकमगळूरची अरेबिका (कॉफीची चांगली जात) आणि फुटक्या, काळ्या बियांचा माल यांत फरक करणं नवख्याला जमत नाही. व्यापारात या उरल्यासुरल्या मालाला ‘बीबीबी’ म्हणतात, म्हणजे ब्लॅक, ब्राउन आणि बिट्स. पावडरीवर लिहिलेल्या ‘पीबेरी’ला तर काडीचाही आधार नसतो. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच भरलेली, वाटाण्यासारखी गोल बी; दळल्यावर ती ओळखणार कशी? म्हणून अख्ख्या बियाच घ्या. मूठभर हातावर पसरा. आकार बऱ्यापैकी सारखे हवेत, तुकड्यांचा भुगा नको, टोकं कोळशासारखी जळलेली नकोत. भावाचाही हिशेब करा: इतकं भाजताना वजन साधारण पाचव्या भागाने घटते, एक किलो कच्च्या बीतून ८०० ग्रॅमच्या आसपास हाती येतं. त्यामुळे खरी डार्क रोस्ट त्याच बीच्या हलक्या रोस्टपेक्षा स्वस्त पडूच शकत नाही.

तारखेचा खेळ सगळ्यात जास्त चालतो. पाकिटावर असते ती पॅक केल्याची तारीख, भाजल्याची नव्हे. सहा महिन्यांपूर्वी भाजलेली बी आज दळून आज पॅक केली, तरी शिक्का आजचाच. डार्क रोस्टमध्ये तेल बीच्या पृष्ठभागावर आलेलं असतं, हवा लागून ते लवकर बिघडतं आणि जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास येतो. तो वास ओळखायला नाक पुरतं. शिवाय घरी ताज्या दळलेल्या १५ ग्रॅम पावडरीवर ३० मिली गरम पाणी ओता. ताजी असेल तर ती फुगते आणि बुडबुडे येतात. चिखलासारखी बसून राहिली तर बी जुनी आहे. ही परीक्षा विकतच्या दळलेल्या पावडरीला लावू नका, तिच्यातला वायू काही दिवसांतच उडून जातो, दुकानदार प्रामाणिक असला तरी.

आपली चूक वगळायची असेल तर एकदा मोजून करा. ३० ग्रॅम बी जाडसर दळून फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याने जाळी खाली दाबून कॉफी गाळायचं भांडं), पाणी ५०० मिली. पाणी उकळलं की गॅस बंद करून झाकण काढा, दीड-दोन मिनिटं थांबा, ते ९० अंशांच्या आसपास येतं. उकळतं पाणी डार्क रोस्टमधला करपट कडवटपणा ओढून काढतं. चार मिनिटांनी दांडा दाबा आणि लगेच गाळून घ्या. पालिकेचं तलावांचं पाणी यासाठी चांगलं. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर चव बोथट होते, तेव्हा पिण्याचं फिल्टर केलेलं पाणी वापरा. एवढं करूनही कप राखेसारखा लागला, तर दोष तुमचा नाही. पावसाळ्यात एका वेळी १०० ग्रॅमच आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमधून डबा सारखा आत-बाहेर केला की आत दव धरतं.

फसल्याचं लक्षात आलं तर पुडी रागाने फेकू नका. बिल, पाकीट आणि उरलेली पावडर जपून ठेवा, पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक आहे का बघा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. प्रयोगशाळेची तपासणी हवी असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, मात्र त्यासाठी खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. नमुना नियमात बसत नाही असा अहवाल आला तर भरलेली फी परत मिळते. त्यामुळे त्याच दुकानातून दुसरी पुडी घेताना हे काउंटरवर सांगा आणि बिल मागा.