घरच्या कॉफी रोस्टरला गॅस कमी पडतोय: पाइपचा गॅस, सिलिंडर की वेगळा रेग्युलेटर?

दाणे ड्रममध्ये टाकून पाच-सहा मिनिटं झाली, गॅस पूर्ण उघडा आहे, तरी तापमान रेंगाळतंय. एव्हाना पिवळे पडायला हवे होते ते दाणे अजून हिरवटच आहेत. फर्स्ट क्रॅक, म्हणजे दाणे पहिल्यांदा तडतडतात तो टप्पा, साधारण १९५ ते २०० अंश सेल्सिअसला येतो. तिथवर पोहोचायलाच सतरा-अठरा मिनिटं लागली, तर कॉफीचा गोडवाही जातो आणि आंबटपणाही. कपात उरतो तो एक सपाट, कोरडा स्वाद. पुढच्या वेळी जास्त वेळ भाजून हे सुधारत नाही, कारण दोष वेळेचा नसून सुरुवातीच्या उष्णतेचा आहे.

अशा वेळी बहुतेक जण थेट मोठा रेग्युलेटर शोधायला निघतात. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की त्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. बर्नरला मिळणारी उष्णता तीन गोष्टींवर ठरते: गॅस कोणता, जेटचं (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचं) भोक केवढं आणि दाब किती. यातला दाब सगळ्यात दुबळा गडी आहे. जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दाब दुप्पट केलात तर उष्णता फक्त १.४ पट होते आणि उष्णता दुप्पट हवी असेल तर दाब चौपट लागतो. भोकाचं तसं नाही. व्यास १.४ पट झाला की क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि उष्णताही जवळपास दुप्पट.

आता गरज किती, तेही पाहू. अर्धा किलो हिरवे दाणे २१० अंशांपर्यंत तापवायचे आणि त्यांतलं पाणी उडवायचं, तर ढोबळमानाने ३०० किलोज्यूल लागतात. दहा मिनिटांत भागवलं तर हे अर्धा किलोवॅट होतं. बरीचशी उष्णता ड्रम, पत्रा आणि धुराड्यातून निघून जाते, म्हणून बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा धरू. एक किलो एलपीजीमधून सुमारे १२.८ किलोवॅट-तास ऊर्जा मिळते, तेव्हा आपल्याला तासाला जेमतेम २०० ग्रॅम गॅस पुरतो. घरगुती रेग्युलेटर सहसा तासाला एक किलोच्या आसपास गॅस देऊ शकतो. त्यामुळे अर्धा किलोच्या रोस्टरला ‘गॅसच पुरत नाही’ असं क्वचितच घडतं. गॅस असतो, तो योग्य जेटमधून, योग्य दाबाने येत नसतो.

आधी मोजा

रोस्टरवरचा गेज (दाब दाखवणारा काटा) नीडल व्हॉल्व्हच्या, म्हणजे गॅस कमी-जास्त करायच्या झडपेच्या, पुढे बसवलेला असतो. तो बर्नरला मिळणारा दाब दाखवतो. मागून किती येतोय हे त्यावरून कळत नाही. ते पाहायचं असेल तर व्हॉल्व्हच्या अलीकडे, टेस्ट पॉइंट (दाब मोजण्यासाठी ठेवलेलं तोंड) असेल तिथे मोजावं लागतं. साधन अगदी साधं आहे. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवायची, निम्मी रंगीत पाण्याने भरायची, एक टोक गॅसच्या टेस्ट पॉइंटला आणि दुसरं मोकळं. गॅस सोडला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. दोन्ही पातळ्यांमधलं पूर्ण अंतर वाचायचं, एकाच बाजूची चढ नाही. इथे चुकलं की आकडा निम्मा येतो. दर १० सेंटिमीटरला साधारण १ किलोपास्कल. म्हणजे एलपीजीच्या ठरावीक रेग्युलेटरच्या २.८ किलोपास्कलला दोन पातळ्यांत साडेअठ्ठावीस सेंटिमीटर अंतर पडलं पाहिजे, म्हणून नळीची प्रत्येक बाजू निदान ४० सेंटिमीटर उंच ठेवा. टेस्ट पॉइंट नसेल तर जोडणी गॅस फिटरकडूनच करून घ्या आणि नंतर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघा.

वाचन दोनदा घ्यायचं: बर्नर बंद असताना आणि बर्नर पूर्ण चालू असताना. बंद असताना २.८ आणि चालू केल्यावर २.६, तर पुरवठा उत्तम आहे. पण चालू करताच १.९ वर आला, तर अडचण वाटेत आहे: लांबलचक बारीक नळी, दमलेला रेग्युलेटर किंवा अर्धवट उघडा कॉक. नळीचा व्यास तर फारच महत्त्वाचा. तेवढाच गॅस थोड्या बारीक नळीतून न्यायचा म्हटला की दाबाचं नुकसान कैक पटींनी वाढतं. घरातली शेगडी आणि पाणी तापवायचा गिझर चालू करूनही एकदा मोजा. संध्याकाळच्याच वेळी रोस्ट बिघडत असेल तर कारण बहुधा तिथेच सापडेल.

पाइपचा गॅस की सिलिंडर

खरी निवड ही आहे.

पाइपच्या नैसर्गिक गॅसचा मोठा फायदा म्हणजे स्थिरता. तो संपत नाही, थंडीत मंदावत नाही, सलग चार घाणे (एका वेळी ड्रममध्ये टाकायचे दाणे म्हणजे एक घाणा) भाजले तरी पहिल्याइतकाच चौथ्याला मिळतो. त्यात मुख्यतः मिथेन असतो आणि तो हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर वर जातो. मात्र घरात येणारा दाब सहसा १.७ ते २ किलोपास्कल असतो आणि तो वाढवणं तुमच्या हातात नसतं, नसावंही. मीटरजवळचा रेग्युलेटर हा पुरवठा कंपनीचा विषय आहे.

इथे एक हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. समजा तुमच्या रोस्टरचा जेट एलपीजीसाठी, २.८ किलोपास्कलला बनवलाय आणि तुम्ही तोच जेट पाइपच्या गॅसवर १.७५ किलोपास्कलला चालवताय. मिथेन हलका असल्याने त्याच भोकातून १.६ पट आकारमान बाहेर पडतं. पण घनमीटरमागे त्याची उष्णता प्रोपेनच्या सुमारे अडीचाव्या भागाइतकीच आहे. त्यामुळे उष्णता ६५ टक्क्यांवर येते. कमी दाबामुळे आणखी घट होते, १.७५ भागिले २.८ चं वर्गमूळ काढलं की ०.७९. एकूण उष्णता निम्मी! ‘पाइपच्या गॅसला दम नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हा हिशेब असतो. दाबाचा वाटा त्यात लहान आहे, चुकीच्या जेटचा मोठा. निर्मात्याकडून नैसर्गिक गॅसचा जेट आणि बर्नरची योग्य जुळणी घेतली तर १.७५ किलोपास्कलवरही तोच रोस्टर झकास चालतो. गेजवरचा आकडा लहान दिसेल, त्याची चिंता करू नका. दुसऱ्याच्या एलपीजीवरच्या रोस्ट नोंदींशी तो आकडा जुळवायचा मात्र नाही.

उलट दिशेची चूक अधिक घातक आहे. नैसर्गिक गॅसच्या जेटवर एलपीजी जोडला तर उष्णता जवळपास दुप्पट होते, हवा अपुरी पडते, ज्योत पिवळी होऊन काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नसतो. रोस्टर घरात चालत असेल तर त्याचा अलार्म हवाच.

सिलिंडरच्या बाजूने बोलायचं तर घरगुती गॅस रोस्टरपैकी बरेचसे मुळात एलपीजीसाठीच बनलेले असतात. २.८ ते ३ किलोपास्कलचा ठरावीक रेग्युलेटर लावला की काही न बदलता काम होतं. रोस्टर गॅलरीत किंवा अंगणात नेता येतो, धुराचा प्रश्नही सुटतो. पण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून तळघरात किंवा खाली वारा न खेळणाऱ्या खोलीत तो नको.

सिलिंडरची दुसरी मर्यादा थंडी. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. त्यामुळे ब्यूटेन जास्त असलेला सिलिंडर कडाक्याच्या थंडीत फार कमी वाफ देतो. शिवाय प्रोपेन आधी उडतो आणि तळाला ब्यूटेन उरत जातो, म्हणून संपत आलेला सिलिंडर आणखी ढिला वाटतो. थंड प्रदेशात प्रोपेनच घ्या. आणि सिलिंडर आडवा करणं, गरम पाण्यात ठेवणं, ज्योत दाखवणं यांतलं काहीही कधीही करू नका.

रेग्युलेटर बदलावा का?

ठरावीक रेग्युलेटरऐवजी कमी दाबाचा, पण फिरवता येणारा रेग्युलेटर मिळतो, साधारण २.५ ते ५ किलोपास्कलचा. रोस्टरच्या निर्मात्याने ४ किलोपास्कलपर्यंत मुभा दिली असेल तर हा चांगला पर्याय आहे. २.८ वरून ४ वर गेलात की उष्णता वीस टक्के वाढते. ऐकायला थोडी वाटते, पण दाणे टाकल्यानंतरच्या पहिल्या तीन मिनिटांत तेवढ्याने रोस्टचा नूर पालटतो. एकदा दाब ठरवून घ्या आणि मग रोस्ट नीडल व्हॉल्व्हनेच चालवा. दोन्हीकडून फिरवत राहिलात तर कुठलीच नोंद पुन्हा जुळणार नाही. शक्य असेल तर दोन टप्प्यांचा घ्या. सिलिंडरमधला दाब उतरला तरी त्याचा पुढचा दाब फारसा हलत नाही.

भट्टीच्या मोठ्या बर्नरसाठीचा उच्च दाबाचा रेग्युलेटर मात्र मी ठामपणे नको म्हणेन. त्यातले काही २० पीएसआयपर्यंत जातात, म्हणजे जवळपास १३८ किलोपास्कल, आपल्या २.८ च्या पन्नास पट. रोस्टरमधला ५ किलोपास्कलचा गेज क्षणात निकामी होतो आणि कमी दाबाच्या उपकरणांतले बरेच गॅस व्हॉल्व्ह साडेतीन किलोपास्कलच्या पुढे चालवायचेच नसतात. ज्योत बर्नरवरून उचलली जाते, विझते आणि न जळलेला गॅस ड्रमखाली भरतो. ‘थोडासाच उघडून वापरू’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण त्या मापाच्या रेग्युलेटरवर खालच्या टोकाला बारीक नियंत्रण नसतंच.

छोट्या ब्यूटेन कार्ट्रिजच्या शेगडीबद्दल थोडक्यात: पावशेर दाण्यांपर्यंत, उबदार हवेत, एक-दोन घाण्यांसाठी ठीक. सलग जाळलं की कार्ट्रिज स्वतःच थंड पडून ज्योत उतरते. मोठा ड्रम वर ठेवला तर नेमकं उलट, त्याची धग कार्ट्रिजवर परतते आणि स्फोटाचा धोका निर्माण होतो. रोस्टर कार्ट्रिजच्या कप्प्यावर येत असेल तर तो पर्याय बाद.

मग काय निवडावं?

घरात पाइपचा गॅस आहे आणि निर्माता त्यासाठीचा जेट देतो, तर डोळे झाकून पाइपचा गॅस. आठवड्याला अनेक घाणे भाजणाऱ्याला त्या स्थिरतेची सर कशालाच नाही. जेट मिळत नसेल तर भोक स्वतः ड्रिलने मोठं करू नका. सिलिंडर आणि ठरावीक रेग्युलेटरवर जा. चालू बर्नरवर मोजलेला दाब निर्मात्याच्या आकड्याएवढा आहे आणि तरी किंचित कमी पडतंय, तेव्हाच फिरवता येणारा रेग्युलेटर.

यातलं काहीच शक्य नसेल, भाड्याच्या घरात जोडणी बदलता येत नसेल, तर घाणा लहान करा. ५०० ग्रॅमच्या ड्रममध्ये ३०० टाका, ड्रम आणखी दहा मिनिटं आधीपासून तापवा आणि पहिल्या टप्प्यात पंखा अगदी हळू ठेवा, म्हणजे आहे ती उष्णता धुराड्यातून पळणार नाही. उष्णता निम्मीच असेल तर २५० ग्रॅमही जड जाईल, कारण ड्रम आणि पत्रा आपला वाटा तेवढाच खातात. तिथे २०० पासून सुरुवात करा आणि फर्स्ट क्रॅक दहा-अकरा मिनिटांत येईपर्यंत २५-२५ ग्रॅमने वर-खाली करत आपल्या गॅसचं माप शोधा.