सीएनसी कोर्सच्या आधी सात महिने घरी सराव केला, त्याचा अनुभव

मी डिचोलीला राहते, कुंडईला एका कंपनीत पॅकिंग लाइनवर आहे आणि मला टूलरूममध्ये (जिथे साचे, हत्यारं बनतात) जायचंय. सीएनसी मिलिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर धातू कापायचा, शॉर्ट टर्म कोर्स करायचं ठरवलं पण जागा मिळाली ती थेट जानेवारीच्या बॅचला, म्हणजे मधे सात महिने हातात होते. मग जूनपासून घरीच सुरू केलं. जुन्या लॅपटॉपवर फ्रीकॅड (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि कॅमोटिक्स (मशीन कशी चालेल ते स्क्रीनवर दाखवणारं), एक साधा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), आणि ऑगस्टपासून ती ३०१८ म्हणून मिळते ती छोटी कोरकामाची राउटर मशीन, सेकंडहँड, अकरा हजारांना. आता कोर्सला चार आठवडे झालेत, त्यातलं काय उपयोगी पडलं ते आत्ता कळायला लागलंय म्हणून लिहिते.

आधीच सांगून टाकते, पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर व्हर्नियर घ्या. मशीन नंतर बघता येते.

सावईवेऱ्याला मामांचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, तिथल्या पंपाचं कपलिंग (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा तुकडा) झिजून बदललं होतं आणि जुनं पडवीत पडलेलं. ते मी घरी आणलं. मोटर २ एचपीची, शाफ्ट २४ मिलिमीटरचा. वाटलं दहा मिनिटांत मोजून होईल, त्यात चार रविवार गेले. बोअर, म्हणजे शाफ्ट बसतो ते आतलं भोक, मोजला तर एकदा २४.०६, एकदा २३.९८, परत २४.०२. व्हर्नियरचे जबडे आत तिरके बसत होते आणि मी जोर पण जास्त लावत होते. हळूहळू जमलं, जबडे हलके हलवत सगळ्यात मोठं रीडिंग कुठे येतं ते बघायचं, मग तेच तीन-चार जागी घ्यायचं. नंतर चार्ट बघितला तर २४ च्या शाफ्टला चावी (शाफ्ट आणि कपलिंग एकत्र फिरवणारी पट्टी) ८ बाय ७ ची, हबमध्ये, म्हणजे कपलिंगच्या बाजूला, खाच ३.३ खोल, म्हणजे बोअरच्या खालच्या कडेपासून खाचेच्या माथ्यापर्यंत २७.३. माझं माप त्याच्या अगदी जवळ आलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

पण खरं शिकले ते त्याच्या पुढे. २४ एच७ (भोकाच्या मापाचा ठरलेला वर्ग) म्हणजे बोअर २४.००० ते २४.०२१ च्या मधे पाहिजे. आणि माझ्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२! म्हणजे जवळजवळ पूर्ण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) माझ्या एका रेघेत मावतोय, मग मी कुठल्या तोंडाने सांगणार की बोअर बरोबर आहे. पुस्तकात टॉलरन्सची व्याख्या मी दोनदा वाचली होती, समजली ती त्या रविवारी. कोर्समध्ये सरांनी बोअर गेज (भोक अचूक मोजायचं साधन) हातात दिला तेव्हा तो कशासाठी लागतो हे मला कुणी सांगावं लागलं नाही. (पावसाळ्यात व्हर्नियर तेलाचा हात फिरवून ठेवा, आमच्याकडे जुलैमध्ये दोन दिवसांत तांबूस डाग धरले.)

फ्रीकॅडबद्दल. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आलं, ते किंवा त्याच्या पुढचं वापरा. जुन्या व्हर्जनला एक त्रास होता, सुरुवातीच्या स्केचमध्ये काही बदललं की नंतरची होल, फिलेट (गोल केलेल्या कडा) वगैरे भलत्याच फेसवर जाऊन मॉडेल तुटायचं, ते १.० मध्ये बरंच आवरलंय. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत पाथ नावाचा वर्कबेंच (टूलचा मार्ग आखायचा भाग) दिसेल तो आता कॅम नावाने आहे, मी अर्धा दिवस शोधत बसले होते. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा, स्केच पूर्ण हिरवा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. हिरवा म्हणजे सगळी मापं बांधली गेली, काहीच सैल राहिलं नाही. फ्यूजन पण बघितलं होतं, दिसायला छान आहे, पण पर्सनल लायसन्सवर एका वेळी १० च फायली एडिट करता येतात आणि कॅममध्ये रॅपिड मूव्ह (न कापता वेगाने सरकणं) मिळत नाहीत, सगळं फीडनेच, म्हणजे कापायच्या वेगाने चालतं. म्हणून मी इकडेच राहिले.

कॅमोटिक्समध्ये जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) टाकला की टूल कसा फिरेल आणि माल कुठे कापला जाईल ते दिसतं. झेडचं (वर-खाली दिशेचं) मायनस विसरणं, खोली चुकणं असल्या चुका तिथेच पकडल्या जातात. पण त्यात फक्त टूल आणि जॉब (कापायचा तुकडा) असतो, तो धरून ठेवणारे क्लॅम्प नसतात, आणि मला फटका नेमका क्लॅम्पनेच बसला.

चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) ठेवायला एक लाकडी पाट करत होते, त्यावर स्वस्तिक कोरायचं चाललं होतं. मशीनचा एरिया ३०० बाय १८० चा, पाट जेमतेम बसलेला. अर्धं झालं आणि लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, मशीन बंद. वीस मिनिटांनी लाइट आली, मी जिथे थांबलं होतं त्या ओळीपासून चालू केलं, आणि बिट सरळ क्लॅम्पवर जाऊन तुटला. झालं असं की माझ्या मशीनला लिमिट स्विच नाहीत, होमिंग (चालू झाल्यावर ठरलेली जागा शोधणं) नाही, त्यामुळे परत चालू झाल्यावर ती जिथे उभी असेल तीच जागा मशीन झिरो धरते. जी५४ चा ऑफसेट (मशीन झिरोपासून जॉबचा झिरो किती लांब ते) मात्र आधीचाच सेव्ह असतो. दोघांचा मेळ तुटला. त्यानंतर मी बेडवर दोन पट्ट्या काटकोनात स्क्रूने बसवल्या, प्रत्येक जॉब त्याच कोपऱ्याला टेकवायचा, म्हणजे लाइट गेली तरी झिरो परत शोधता येतो, झेडसाठी बिटखाली कागद सरकवून. कोर्समध्ये व्हाइसची (जॉब धरायच्या शिकंज्याची) फिक्स जॉ आणि स्टॉपर बघितला तेव्हा कळलं की हे लोक पण तेच करतात. बारा जणांत एक मशीन आहे, प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं येतात, त्यात कागदाने टच घ्यायला माझे हात थरथरत नाहीत. एवढ्यासाठी ते अकरा हजार वसूल झाले.

आता जे उलटं पडलं ते. घरच्या मशीनवर जीआरबीएल (छोट्या मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, तिथे एक्स१० लिहिलं की १० मिलिमीटर. कोर्समध्ये फॅनक कंपनीचं कंट्रोल. तिथे मी जी०१ एक्स५० (५० मिलिमीटर सरळ जा) टाकलं आणि टेबल हललंच नाही. मला वाटलं अलार्म आला. सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, पोझिशन ०.०५०. दशांशाचा पॉइंट दिला नाही तर तो आकडा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात घेतला जातो, बऱ्याच फॅनक मशीनवर असंच सेटिंग असतं. म्हणजे एक्स५० नाही, एक्स५०.० लिहायचं. माझ्या बोटांना पॉइंटशिवाय लिहायची सात महिन्यांची सवय लागलेली, ती मोडायला आठवडा गेला. तुम्ही घरी जीआरबीएलवर करत असाल तर आजपासूनच पॉइंट देत जा, त्याला चालतो.

ड्रॉइंगचं पण तसंच. इंटरनेटवरची बरीच सरावाची ड्रॉइंग अमेरिकन असतात, थर्ड अँगल, म्हणजे टॉप व्ह्यू वर. आपल्याकडे फर्स्ट अँगल, टॉप व्ह्यू खाली येतो. कोपऱ्यातलं शंकूचं चिन्ह बघितल्याशिवाय एक रेघ मारू नका. मी दीड महिना बघितलंच नव्हतं.

ड्रिलिंगची जी८१ सारखी सायकल जीआरबीएलवर नाही, टूल चेंज नाही, टूल रेडियस कॉम्पेन्सेशन (टूलच्या जाडीनुसार मार्ग सरकवणं) पण नाही. ड्रिलिंग सायकल मी कोर्समध्ये दोन दिवसांत उचलली. पुढच्या आठवड्यात जी४१-जी४२, म्हणजे तेच कॉम्पेन्सेशन, सुरू होतंय, तिथे मी पण बाकीच्यांसारखीच कोरी पाटी घेऊन बसणार. कपलिंगचं ड्रॉइंग मात्र सरांना दाखवलंय, त्यांनी २७.३ च्या मापावर टिक केली आणि टॉलरन्स कुठाय म्हणून विचारलं, तो टाकून सोमवारी परत न्यायचंय.