बर्डीवरच्या ‘राष्ट्राध्यक्ष’ नोट्स : घ्याच, पण लाल पेन सोबत ठेवा

नागपुरातल्या बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत ७२ पानांची एक स्पायरल वही मिळते. विषय अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घटनात्मक भूमिका आणि अधिकार, किंमत १४० रुपये. गिऱ्हाईक म्हणजे राज्यशास्त्राचे पदवीचे विद्यार्थी आणि यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरची तयारी करणारी मुलं. भारतीय राज्यघटनेची इतर देशांच्या घटनांशी तुलना हा मुद्दा त्या पेपरच्या अभ्यासक्रमातच आहे. वही कुठल्या क्लासची, ते इथे लिहीत नाही. एकच मजकूर तीन वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली विकला जातोय, त्यामुळे नावावरून तुम्हाला तो ओळखताही यायचा नाही.

आधी वस्तूबद्दल. कागद पातळ, मागची शाई पुढे दिसते. डावीकडे समास सोडलेलाच नाही, म्हणून स्पायरलच्या भोकांनी ओळींची सुरुवात खाल्ली आहे. पान ३१ वरच्या तक्त्यात पहिल्या रकान्यातली वर्षं अर्धीच उरली आहेत. अनुक्रमणिका आहे, पण पान १८ नंतर ती दोन पानांनी चुकते.

मजकुराची मुख्य अडचण भाषांतराची. अमेरिकी घटनेने राष्ट्राध्यक्षाला जवळपास प्रत्येक अधिकार अटीसकट दिला आहे. नोट्समध्ये अधिकार आला आणि अट गळाली. शिवाय जिथे मराठी शब्द अडला, तिथे भारतीय घटनेतला जवळचा शब्द उचलून ठेवला, आणि त्या शब्दाबरोबर आपला कायदाही आत शिरला. एकाच परिच्छेदात ‘राष्ट्रपती’ आणि ‘राष्ट्राध्यक्ष’ दोन्ही येतात. मराठीत ही सोय छान आहे : दिल्लीचे ते राष्ट्रपती, वॉशिंग्टनचे ते राष्ट्राध्यक्ष. ती मोडली की वाचणाऱ्याच्या डोक्यात अनुच्छेद ७४ आणि मंत्रिमंडळाचा सल्ला आपोआप येतो, आणि तिकडे तसलं काही नाही. ‘काँग्रेस’चंही तेच. ‘काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना विरोध केला’ हे शीर्षक वाचून पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पक्षच समजतो. काँग्रेस पक्षाचं १९२० चं अधिवेशन ज्या गावात झालं तिथे तर समजणारच. पहिल्या पानावर ‘काँग्रेस म्हणजे तिथली संसद : प्रतिनिधीगृह आणि सिनेट’ एवढी एक ओळ हवी होती.

पान ४ ते ९ मात्र उत्तम. निवडणुकीचा भाग कुणीतरी मन लावून लिहिलाय. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळाची ५३८ मतं कशी होतात ते फोडून सांगितलं आहे : प्रतिनिधीगृहाच्या ४३५, सिनेटच्या १००, आणि २३ व्या घटनादुरुस्तीमुळे राजधानीच्या ३. बहुमत २७०. कुणालाच बहुमत नसेल तर निवड प्रतिनिधीगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, हेही आहे. १८२५ मध्ये जॉन क्विन्सी ॲडम्स असेच निवडून आले. पात्रतेच्या तीन अटी बरोबर आहेत : जन्मतः नागरिक, वय ३५, देशात १४ वर्षं वास्तव्य. २२ व्या दुरुस्तीचा (एका व्यक्तीला दोनदाच निवडून येता येतं) बारकावाही सुटलेला नाही. दुसऱ्याच्या कार्यकाळातली दोन वर्षांपेक्षा जास्त मुदत सांभाळली असेल तर स्वतः एकदाच निवडून येता येतं, म्हणून कमाल हिशेब दहा वर्षांचा. या सहा पानांत खोडण्यासारखं काही नाही.

पान १४ वरचं ‘आठ भूमिका’ हे चक्र पाठ करायला ठीक. फक्त ‘पक्षाचा नेता’ ही भूमिका घटनेत नाही, ती प्रथेने आली, असं बाजूला लिहून ठेवा.

सगळ्यात महागात पडेल ते पान २२. तिथे कार्यकारी आदेशाला सरळ ‘अध्यादेश’ म्हटलंय, आणि पुढे ‘राष्ट्राध्यक्ष अध्यादेशाद्वारे कायदा करू शकतात’. दोष एकट्या नोट्सचा नाही, वर्तमानपत्रंही सर्रास ‘वटहुकूम काढला’ असं छापतात. आपला अध्यादेश अनुच्छेद १२३ खाली निघतो : संसदेची दोन्ही सभागृहं एकाच वेळी अधिवेशनात नसताना राष्ट्रपती तो काढतात, त्याला कायद्याइतकंच बळ असतं, आणि संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. अमेरिकी घटनेत या तोडीचं काहीच नाही. कार्यकारी आदेश म्हणजे वरिष्ठाने आपल्याच खात्यांना दिलेला हुकूम. आपल्याकडच्या शासन निर्णयाच्या जवळ जाणारी वस्तू. त्याला आधार लागतो, एकतर घटनेने थेट दिलेल्या अधिकाराचा किंवा काँग्रेसने आधी केलेल्या कायद्याचा. आधार नसेल तर कोर्टात टिकत नाही. १९५२ चा पोलाद कारखान्यांचा खटला याचं नमुनेदार उदाहरण. कोरियन युद्ध सुरू होतं, कामगारांचा संप तोंडावर होता, ट्रुमन यांनी कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने तो ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला. त्या निकालात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी मांडलेल्या तीन पायऱ्या उत्तरात आल्याच पाहिजेत. काँग्रेसची संमती असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाचं बळ सर्वांत जास्त, ती गप्प असेल तर धूसर पट्टा, आणि तिच्या इच्छेविरुद्ध जात असेल तर सर्वांत कमी. नोट्समध्ये खटल्याचं नाव आहे, या पायऱ्या नाहीत. पान २२ वर जिथे जिथे ‘अध्यादेश’ आहे (सात वेळा) तिथे ‘कार्यकारी आदेश’ करा, आणि समासात लिहा : पुढचा राष्ट्राध्यक्ष एका सहीने रद्द करू शकतो, पैसा मात्र काँग्रेसच देते.

पान ३० ते ३३ नकाराधिकारावर, म्हणजे विधेयकावर सही न करता ते परत पाठवण्याच्या अधिकारावर. रचना चांगली, उदाहरणं भरपूर, तीन ठिकाणी चूक.

विधेयकावर निर्णय घ्यायच्या दहा दिवसांची मोजणी नोट्समध्ये ‘दहा दिवस’ एवढ्यावर सोडली आहे. घटनेत रविवार वगळून दहा दिवस आहेत, आणि विधेयक हातात पडल्याचा दिवस धरत नाहीत. समजा विधेयक सोमवार, २ डिसेंबर २०२४ ला पोचलं. मंगळवार ३ हा पहिला दिवस, शनिवार ७ पाचवा, रविवार ८ सोडायचा, सोमवार ९ सहावा, शुक्रवार १३ दहावा. त्या रात्रीपर्यंत सही नाही, परतही पाठवलं नाही आणि काँग्रेस चालू असेल, तर सहीशिवाय कायदा होतो. काँग्रेसच्या तहकुबीमुळे परत पाठवणंच अशक्य झालं असेल तर विधेयक मरतं. हाच पॉकेट व्हेटो, आणि त्यावर मात करण्याची सोय नाही. नोट्समध्ये याची तुलना आपल्याकडच्या १९८६ च्या टपाल विधेयकाशी केली आहे आणि ती कामाची आहे. फरक एवढा जोडा, की आपल्या अनुच्छेद १११ मध्ये मुदतच लिहिलेली नाही, म्हणून तेव्हाचे राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांना ते विधेयक नुसतं ठेवून देता आलं.

दुसरी चूक आकड्यांची. चौकटीत लिहिलंय, ‘नकाराधिकार उलटवण्यासाठी प्रतिनिधीगृहात २९० व सिनेटमध्ये ६७ मते आवश्यक’. हे आकडे सगळे सदस्य मतदानाला असतील तरच. दोन-तृतीयांश हे हजर राहून मत देणाऱ्यांचे धरतात. पुरावा याच वहीत पान ४५ वर पडलाय आणि लिहिणाऱ्याच्या लक्षात आला नाही : नोव्हेंबर १९७३ मध्ये युद्धाधिकार ठरावावरचा निक्सन यांचा नकाराधिकार प्रतिनिधीगृहाने २८४ विरुद्ध १३५ मतांनी उलटवला. २८४ म्हणजे २९० पेक्षा कमीच की! एकूण मतं ४१९, त्यांचे दोन-तृतीयांश २८०, म्हणून पुरली. बहुपर्यायी प्रश्नात हा सापळा लावायला फार सोपा आहे.

तिसरी चूक म्हणजे याच पानांत ‘राष्ट्राध्यक्ष खर्चाच्या विधेयकातील नको त्या ओळी वगळू शकतात’ हे वाक्य आहे. ते पूर्ण खोडा. तसा कायदा १९९६ मध्ये झाला आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. बऱ्याच राज्यांच्या गव्हर्नरांना हा अधिकार असतो, गोंधळ तिथून आला असावा.

करारांच्या पानावर ‘सिनेट करार मंजूर करते’ असं मोघम लिहिलंय. हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांशांनी सिनेट संमती देते, शेवटचं अनुसमर्थन राष्ट्राध्यक्ष करतात. व्हर्सायचा तह १९१९ आणि १९२० मध्ये याच संख्येवर अडला. भारतीय वाचकासाठी खरं जवळचं उदाहरण २००८ च्या नागरी अणुकराराचं, आणि ते नोट्समध्ये नाही. तो सिनेटच्या दोन-तृतीयांश वाटेने गेलाच नाही. अमेरिकेच्या १९५४ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या कलम १२३ नुसार समझोता झाला आणि दोन्ही सभागृहांनी साध्या कायद्याने त्याला मान्यता दिली. (‘वन टू थ्री करार’ तो हाच. आपल्या अध्यादेशाच्या १२३ शी त्याचा संबंध नाही. उत्तरपत्रिकांत हे दोन्ही १२३ एकत्र झालेले दिसतात.)

युद्धाच्या पानाला फक्त डागडुजी हवी. ‘सरसेनापती म्हणून युद्ध पुकारतात’ यातलं ‘पुकारतात’ काढा. युद्ध पुकारणं काँग्रेसचं काम, आणि तिने ते शेवटचं केलं १९४२ मध्ये. कोरिया, व्हिएतनाम कुठेच रीतसर घोषणा नव्हती. म्हणून तर १९७३ चा युद्धाधिकार ठराव आला : सैन्य उतरवल्यापासून ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं, परवानगी नसेल तर ६० दिवसांत थांबायचं, माघारीसाठी आणखी ३० दिवस.

पान ५१ वाचून मात्र हसू येतं. ‘राष्ट्राध्यक्ष आणीबाणी घोषित करून घटक राज्याचे सरकार बरखास्त करू शकतात.’ हा आपला अनुच्छेद ३५६, जसाच्या तसा उचलून अमेरिकेला लावलेला. तिथले गव्हर्नर लोकांनी निवडलेले असतात, वॉशिंग्टनहून नेमलेले नसतात. राष्ट्रीय आणीबाणी आहे, पण ती १९७६ च्या कायद्यातून चालते, आणि तिने राज्य सरकार जात नाही. अख्खं पान फाडलं तरी चालेल.

मंत्र्यांच्या प्रकरणात एक समज राहून गेलीय, ती नागपूरकरांना समजावणं सगळ्यांत सोपं. हिवाळी अधिवेशनात विधानभवनात प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्री उठून उत्तर देतो, कारण तो त्याच सभागृहाला जबाबदार असतो. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री काँग्रेसचा सदस्य असूच शकत नाही. अमेरिकी घटनेतलं अनुच्छेद १, कलम ६ ते थेट मना करतं. तो समितीपुढे साक्षीला येतो आणि निघून जातो. त्याला नेमताना सिनेटची संमती लागते, काढताना राष्ट्राध्यक्ष पुरे. त्यामुळे नोट्समधला ‘सामूहिक जबाबदारी’ हा उपमथळा तिथे बसत नाही.

महाभियोगाची यादी : ‘जॉन्सन, निक्सन, क्लिंटन’. निक्सन खोडा. प्रतिनिधीगृहात मतदान होण्याआधीच, ९ ऑगस्ट १९७४ ला, ते पायउतार झाले. ट्रम्प दोनदा जोडा, २०१९ आणि २०२१. महाभियोग म्हणजे पदच्युती, हा समजही वहीभर पसरलाय. प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं. दोषी ठरवायला सिनेटमध्ये हजर सदस्यांचे दोन-तृतीयांश लागतात, आणि तेवढी मतं आजवर कुठल्याही राष्ट्राध्यक्षाविरुद्ध पडलेली नाहीत. १८६८ मध्ये जॉन्सन ३५ विरुद्ध १९ वर सुटले, हवी होती ३६. आपल्या अनुच्छेद ६१ मध्ये दोन-तृतीयांश हे एकूण सदस्यसंख्येचे आहेत. तुलनेच्या प्रश्नात गुण इथे मिळतात.

क्षमादानावर अर्धंच पान, पण नीटस. एक ओळ वाढवा : क्षमा फक्त संघराज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांना, राज्याच्या गुन्ह्यांना नाही, आणि महाभियोगाला लागू नाही.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल वहीत नाही. राष्ट्राध्यक्षाला फौजदारी खटल्यापासून संरक्षणाबाबत न्यायालयाने तिथे तीन कप्पे केले : गाभ्याच्या घटनात्मक अधिकारांना पूर्ण संरक्षण, इतर अधिकृत कृत्यांना निदान गृहीत संरक्षण, खासगी कृत्यांना अजिबात नाही. शेवटचं पान कोरं आहे, तिथे हे लिहून घ्या.

सगळी वही नको असेल तर पान ४ ते ९ आणि ३० ते ३३ एवढी दहा पानं सुटी काढून घ्या, दोन रुपये पान. दुपारच्या गर्दीत दुकानदार स्पायरल उघडायला कुरकुरतो, सकाळी जा.