बडोद्याहून छोटा उदेपूर : एकदिवसीय सहल
बडोद्यातील एका सहल-संयोजकांची छोटा उदेपूर जिल्ह्याची एकदिवसीय सहल पैसे वसूल करणारी आहे, परंतु तिचे मार्गदर्शन फारच तोकडे पडते. 2013 मध्ये बडोदा जिल्ह्यातून वेगळा झालेला, ओरसंग नदीचा आणि राठवा आदिवासींच्या मोठ्या वस्तीचा हा डोंगराळ प्रदेश गाडीच्या खिडकीतून पाहून कळणारा नव्हे. लाखेच्या रंगीत लाकडी फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या संखेड्यात मात्र मन रमले : लेथवर गरगरणाऱ्या सागवानी पायावर कारागीर रंगीत लाखेची कांडी टेकवतो, तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर चढत जाते, आणि हे सारे आम्हाला हाताच्या अंतरावरून पाहता आले. तेजगढची आदिवासी अकादमी, म्हणजे आदिवासी भाषा-संस्कृतीचे अभ्यासकेंद्र, घाईत उरकली. एका राठवा घराच्या ओसरीतील पिठोरा देवाच्या भित्तिचित्रातले घोडे मार्गदर्शकाने ‘वारली चित्रे’ म्हणून दाखवले, हे अक्षम्यच. पिठोरा हा नवस फेडण्यासाठी बडव्याच्या (राठव्यांच्या पुजाऱ्याच्या) विधींसह भिंतीवर चितारला जाणारा देव आहे, आणि याच चित्रकलेसाठी परेश राठवा यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. (आमच्यातल्या एका आजींनी मार्गदर्शकाला तिथेच सुनावले.) जेवण साधे, पण गरम होते. छोटा उदेपूरचा आठवडी हाट शनिवारी भरतो. सहल रविवारी निघते, ती शनिवारी काढावी.